भट्टीतला उजवा हात

बेकरीवाल्यांचा थोरला मुलगा पहाटे आपल्याच भट्टीसमोर मेला, आणि मेला तोही साधासुधा नाही. पाव आत सरकवायचं लांब दांड्याचं लोखंडी फावडं कोणीतरी त्याच्या डोक्यात घातलं होतं. एकदा नाही, तोंड ओळखू येईनासं होईपर्यंत. मग त्याला फरफटत भट्टीच्या तोंडाशी नेऊन त्याचा उजवा हात मनगटापर्यंत निखाऱ्यात खुपसून ठेवला होता. भट्टीवाला कामावर आला तेव्हा त्याला वास आला आणि वाटलं, कालचा पाव आत राहून करपला.

पोलिसांनी दुपारच्या आत गुन्हेगार धरला. मेलेल्याची सख्खी धाकटी बहीण. अंगानं काडी, म्हणून सगळे तिला बारकीच म्हणत.

दोन दिवसांनी त्यांची म्हातारी आई शिंप्याच्या दुकानावरचा जिना चढून काकीच्या दारात उभी राहिली.

काकी खाजगी तपास करायची. दारावर तशी पाटी होती. बायका काय तपास करणार, असं म्हणणारे पुरुष पहिली दोन वर्षं खालूनच परत जात, आता जिन्यात रांग लावतात. हाताखाली तिचा दीर होता, पोलिसातून शिपाई म्हणून निवृत्त झालेला. त्याला ती भावजी म्हणे आणि तो तिला वहिनी. भावजी मनानं सोन्यासारखा होता, डोक्यानं जरा सावकाश होता, आणि खायला मात्र कोणाच्या मागे राहायचा नाही.

काकी सुपात तांदूळ निवडत बसली होती. म्हातारी बोलायला लागली तरी तिचे हात थांबले नाहीत.

म्हातारीला तीन मुलं. थोरला, धाकटा आणि बारकी. नवरा गेल्यावर बेकरी थोरल्यानं हातात घेतली, आणि सगळ्यांच्या मानगुटीही. बारकीला लहानपणापासून गव्हाचं काही सोसत नव्हतं. पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय सुतळीसारखे. डॉक्टरांनी शेवटी नाव सांगितलं, सिलिअॅक. गव्हात जो चिकटपणा असतो ना, ज्यानं कणीक ताणली जाते, त्याला ग्लूटेन म्हणतात. तो कणभर पोटात गेला की हिची आतडी आतून सोलली जातात. औषध नाही. जन्मभर गहू बंद, एवढाच उपाय.

“बेकरीवाल्यांच्या घरात गव्हाचं वावडं,” म्हातारी म्हणाली. “देवानं जागा बघून दिलं.”

बारकीनं मग बेकरीच्या मागची खोली घेतली. तिची भट्टी वेगळी, पाट वेगळा, सुऱ्या वेगळ्या, भांडी घासायचा चोथासुद्धा वेगळा. दाराच्या फटीला ओलं फडकं, म्हणजे पुढचं पीठ उडत आत यायला नको. तांदूळ आणि मक्याच्या पिठाचे पाव ती भाजायची. तिच्यासारखी माणसं लांबून यायची घ्यायला. थोरल्याला ते खुपायचं. त्याच्या मते हा आजार म्हणजे नुसतं लाडावलेपण. एकदा त्यानं गुपचूप तिच्या तांदळाच्या पिठात मूठभर मैदा मिसळला, बघू काय होतं म्हणून. ती पाच दिवस अंथरुणात वाकडी होऊन पडली. उठली ती थेट दुकानात आली आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाली की पुन्हा असं केलंस तर तो हात धरून भट्टीत घालीन.

“आता तो हातच जळलेला सापडला म्हटल्यावर,” भावजी म्हणाला, “पोलिसांनी तरी काय करावं?”

काकीनं त्याच्याकडे पाहिलं.

म्हातारीनं पुढचं सांगितलं. रक्तात एक अर्धा फाडलेला गव्हाचा पाव पडला होता, आणि चावून थुंकलेला एक लगदा. फौजदारांचा हिशेब सरळ होता. थोरल्यानं कोणाच्या तरी तोंडात बळजबरीनं पाव कोंबला. या घरात पाव खायला बळजबरी कोणावर करावी लागेल? एकीवरच. तिनं थुंकला, फावडं उचललं, आणि मग बोलल्याप्रमाणे हात जाळला.

“त्याला ती खोली बंद करायची होती का?” काकीनं विचारलं.

“हो. उंदीर झालेत म्हणायचा. बारकीचे पाव जायचे ना अधूनमधून. मीच म्हणायचे, उंदीर असतील.” म्हातारीनं डोळे पुसले. “मला ते सगळं नका विचारू. माझी पोर कोठडीत दोन दिवस नुसत्या पाण्यावर आहे. तिथे पाव आणि पीठ लावलेला रस्सा देतात. घरचा डबा चालत नाही, मागे कोणीतरी पावातून पातं पाठवलं होतं म्हणे. सोमवारी सकाळी तिला मोठ्या तुरुंगात हलवणार. तिथेही तेच खाणं. खाल्लं तरी मरेल, नाही खाल्लं तरी मरेल. खटला उभा राहीपर्यंत ती उरायची नाही.”

काकीनं सूप बाजूला ठेवलं आणि चपला घातल्या.

*

फौजदार वयानं लहान आणि इस्त्रीनं कडक होता. त्यानं भावजीला ओळखलं, खुर्ची दिली, आणि सांगितलं की मुलगी उपोषण करून पोलिसांवर दबाव आणते आहे. काल तिला म्हटलं, वरचा पापुद्रा काढून आतलं खा. तर म्हणाली, विष वरून पुसून कोणी पितं का. अशी जीभ आहे.

“जीभ चांगली आहे,” काकी म्हणाली. “पोटात काही नसताना एवढी चालते म्हणजे फारच चांगली.”

कोठडीत बारकी भिंतीला पाठ लावून ताठ बसली होती. ओठ सुकलेले, पण डोळे जागे. त्या पहाटे आपण मागच्या खोलीत होतो, असं ती म्हणाली. दार बंद, भट्टीचा पंखा घरघरत होता, त्यामुळे पुढचं काही ऐकू आलं नाही. तिची वेळ नेहमी तीच. पुढे गव्हाची पोती उघडायच्या आत तिचं सगळं आवरलेलं असे.

“पोट कसं आहे?” काकीनं विचारलं.

“रिकामं.”

“दुखतं?”

“भुकेनं दुखतं तेवढंच. ते दुखणं वेगळं, काकी. मैदा गेला होता तेव्हा मला चालता येत नव्हतं. तोंड आतून फुटलं होतं.”

काकीनं पहाऱ्यावरच्या पोलीस बाईकडे वळून पाहिलं. तीही म्हणाली, आणली त्या दुपारपासून पोटाची तक्रार एकदाही नाही, उलटी नाही, काही नाही, नुसती बसून असते.

“तोंड उघड बरं.”

बारकीनं तोंड उघडलं. काकीनं वाकून दात पाहिले. बारीक, पांढरे, एका ओळीत. भावजीला नंतर म्हणायचंच होतं की वहिनी, बैल घ्यायला गेल्यासारखं काय करत होतात.

निघताना काकीनं पिशवीतून एक उकडलेलं अंडं काढून फौजदाराच्या टेबलावर ठेवलं, टरफलासकट. म्हणाली, यात कोणी पातं घालू शकत नाही आणि कोणी पीठही मिसळू शकत नाही, कोंबडीनं मोहोर मारूनच पाठवलंय. फौजदारानं ते उजेडात धरून फिरवून पाहिलं. आजच्यापुरतं एक, म्हणाला. सोमवार काही बदलणार नाही.

*

बेकरी बंद होती, पण धुतली नव्हती. भट्टीपुढच्या फरशीवर रक्त वाळून काळं झालं होतं, त्यावर पीठ बसून त्याची खपली धरली होती. छतापर्यंत शिंतोडे. एवढे घाव घालणारा दमला असेल, भावजी म्हणाला. कडेच्या उघड्या फळ्यांवर त्या दिवसाआधीचे पाव तसेच रचलेले होते, कडक झालेले. म्हातारीनं सगळ्यांना चहा दिला आणि शेजारच्या दुकानातून आणलेला ताजा पाव कापून मधे ठेवला.

भट्टीवाला पहिला बसला. पाव चहात बुडवून खात खात बोलला. त्याच्या दोन्ही हातांवर मनगटापासून वर आडवे काळे चट्टे होते, भट्टीचं दार लागून लागून झालेले. थोरल्यानं महिन्यापूर्वी त्याच्या थोबाडीत मारली होती, सगळ्यांदेखत. ते त्यानं न विचारता सांगितलं. त्या पहाटे रस्त्याकडचं दार नेहमीसारखं आतून बंद होतं. त्यानं कडी वाजवली. धाकट्यानं येऊन उघडलं आणि तो दाराजवळच्याच जिन्यानं परत वर गेला.

“झोपेतून उठून आला होता?”

“नाही. आंघोळ झाली होती. केस निथळत होते.”

“त्याचं काम किती वाजता सुरू होतं?”

“त्याचं? तो दुपारच्या पावाला असतो. सकाळी उठवायला आईला तीनदा वर जावं लागतं.”

मग मेलेल्याची बायको, घरातली थोरली सून. तिच्या डोळ्याखाली जुना मार पिवळा पडत आला होता. तिनं पावाला लोणी लावलं आणि सावकाश खाल्लं.

“रडायचा प्रयत्न केला,” ती म्हणाली. “येत नाही. लोक काय म्हणतील म्हणून कांदा चिरायला बसले, तर त्यानंही आलं नाही.”

भावजीनं काकीला कोपरानं ढोसलं. काकीनं हात मागे घेतला.

थोरलीनं सांगितलं, नवरा आधी हात उचलायचा आणि नंतर विचारायचा. समोरच्यानं नको म्हटलं की त्याला चेव यायचा. आदल्या संध्याकाळी मात्र खुशीत होता. हसत होता एकटाच. म्हणाला, मागच्या खोलीतला उंदीर सापडला, उद्या पकडतो आणि घशात पाव कोंबतो. तिला वाटलं, पिंजरा लावणार असेल, पावाचा तुकडा अडकवून.

“हे पोलिसांना सांगितलंत?”

“उंदरांचं? पोलिसांना उंदरांचं काय करायचंय?”

शेवटी धाकटा आला. देखणा होता, पण हसताना तोंडावर हात धरायचा. पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. उकाडा एवढा की भावजीचा सदरा पाठीला चिकटला होता, आणि हा पूर्ण बाह्यांत. पावाचा तुकडा त्यानं उचलला, आणि बहिणीबद्दल बोलायला लागला. नखरे सगळे. लहानपणापासून हिचं ताट वेगळं, हिचं पाणी वेगळं. आम्ही काय दगड खाऊन वाढलो? मी बेकरीवाल्याचा मुलगा, माझ्या रक्तातच पाव आहे. तिनं हात जाळायची धमकी दिली ते मी फौजदारांना सांगणार नव्हतो, पण खोटं कसं बोलायचं.

बोलता बोलता तो कोपराच्या मागे खाजवत होता. बाही वर सरकली. तिथे पुरळासारखे फोड होते, फुटून त्यांचं रक्त निघालेलं.

“भाजलं का?” काकीनं विचारलं.

“भट्टी. हेच आमचे दागिने. गुडघ्यावर तर अजून आहेत.” त्यानं बाही ओढली, आणि एकदम उठून परसाकडे गेला. परत आला, थोडं बोलला, पुन्हा गेला.

“भाऊ गेला त्या दिवसापासून पोट बिघडलंय पोराचं,” म्हातारी हळूच म्हणाली. “तोंडही आलंय. दुःखानं होतं असं.”

तो गेला तेव्हा त्याच्या बशीत पावाचा नुसता चुरा होता. भावजीनं तो गोळा करून तोंडात टाकला. वाया कशाला घालवायचा.

काकीला मागची खोली बघायची होती. बारकीची किल्ली पोलिसांकडे होती. काकीनं म्हातारीसमोर हात पुढे केला. थोड्या वेळानं म्हातारीनं कमरेच्या जुडग्यातून दुसरी किल्ली काढली.

खोली आरशासारखी होती. पाव ठेवायचा पत्र्याचा डबा, त्याचं झाकण एवढं घट्ट की उघडताना भावजीचं नख मोडलं. काकी गुडघ्यावर बसून कोपरे बघत फिरली. लेंडी नाही, कुरतडलेली पिशवी नाही. मग उठून ती पुढच्या बेकरीत गेली आणि उघड्या फळ्यांवरच्या पावांकडे बराच वेळ बघत राहिली.

रस्त्यात भावजी म्हणाला, “बायकोनंच केलं, वहिनी. मार खाऊन खाऊन तापली होती. कारण आहे, हात दणकट आहेत, आणि डोळ्यात टिपूस नाही.”

“टिपूस माझ्याही डोळ्यात नाही. तो मेला म्हणून मलाही वाईट वाटलं नाही. भावजी, तुम्ही आज त्या घरात किती पाव खाल्लात?”

भावजी लाजला.

“तुमचा सोडा. बाकीच्यांनी किती खाल्ला ते आठवा.”

त्याला आठवलं नाही.

*

सोमवारी सकाळी तुरुंगाची गाडी बेकरीसमोर येऊन थांबली. काकीनं फौजदाराला गळ घातली होती की वाटेत अर्धा तास द्या, नाही पटलं तर घेऊन जा. बारकीला दोन बाजूंनी धरून आत आणलं. तिला आता धड उभं राहता येत नव्हतं. थोरली, भट्टीवाला, धाकटा आणि म्हातारी पाट मांडून बसले होते. काकीनं मधे एक गव्हाचा पाव आणि सुरी ठेवली.

“उंदरांपासून सुरुवात करू,” ती म्हणाली.

फौजदारानं घड्याळ पाहिलं.

“या बेकरीत उंदीर आहेत. ते बंद दार उघडतात, घट्ट झाकण काढतात, पाव नेतात आणि झाकण परत लावतात. पुढे उघड्या फळ्यांवर गव्हाचे पाव पडलेले असतात, त्यांना तोंड लावत नाहीत. त्यांना तांदळाचाच लागतो. असा उंदीर मी तरी पाहिला नाही. थोरल्यानं पाहिला. आदल्या संध्याकाळी तो बायकोला म्हणाला, उंदीर सापडला, उद्या पकडतो आणि घशात पाव कोंबतो. पिंजऱ्यात पाव अडकवतात, साहेब. घशात माणसाच्या कोंबतात.”

“आणि मी पिंजरा समजले,” थोरली म्हणाली.

“बारकी आपलेच पाव चोरणार नाही. मग या घरात गहू न सोसणारं दुसरं माणूस आहे. तुम्ही म्हणालात, पाव खायला बळजबरी एकीवरच करावी लागेल. चूक तिथे झाली. या आजाराचा एक गुण आहे, तो रक्तातून उतरतो. एका भावंडाला असला तर दुसरं भावंडही तपासून घ्या, असं कुठलाही डॉक्टर सांगतो.”

धाकटा हसला. हात तोंडावर होताच.

“थोरल्यानं पहाटे त्याला इथे गाठलं आणि पाव तोंडात घातला. लगदा थुंकला खरा, पण पाव अर्धा गायब होता. उरलेला पोटात गेला. ज्याच्या पोटात गेला तो त्याच दिवशी आडवा व्हायला हवा. बारकीला मैदा गेला तेव्हा पाच दिवस उठता आलं नव्हतं, तोंड आतून फुटलं होतं. आणि कोठडीत? पोलीस बाईंना विचारा. एक उलटी नाही, पोटात कळ नाही. भूक आहे, आजार नाही. तिच्या पोटात त्या पहाटे गव्हाचा कणही गेलेला नाही. पण त्याच दिवसापासून या घरात एकाचं पोट वाहतंय आणि तोंड आलंय. आई म्हणते, दुःखानं.”

“भाऊ मेलाय माझा,” धाकटा म्हणाला.

“हो. आणि कोपरावर फोड आलेत. भट्टीवाल्याचे हात बघा, साहेब. दाराची कड लागते ती इथे, मनगटाच्या वर, आडवी. कोपराच्या मागे आणि गुडघ्यावर भट्टी कशी भाजेल? गुडघे घालून आत जायचं का? या आजारात काहींच्या अंगावर असे खाजरे फोड येतात, आणि नेमके याच जागी.”

“आणि हात का जाळला?” फौजदारानं आता वही मिटली होती. “धमकी तर हिनंच दिली होती.”

“धमकी सगळ्या दुकानानं ऐकली होती. ज्यानं जाळला त्यानंही. रागानं जाळायचं असतं तर तोंड होतं, छाती होती. नुसता उजवाच, आणि नुसता पंजा. त्या पंज्यावर काहीतरी होतं. तुमच्या तोंडात कोणी जबरदस्तीनं बोटं घातली तर तुम्ही काय कराल?”

भावजी सगळ्यांच्या आधी म्हणाला, “चावेन.”

“चावाल. बारकीच्या दातांचा ठसा कोणाच्याही दातांसारखा उठला असता, तिला तो लपवायची गरज नव्हती. पण पुढचा दात अर्धा तुटलेला असेल, तर ती बोटं बघून आंधळ्यानंही नाव सांगितलं असतं. म्हणून पंजा निखाऱ्यात गेला. मग अंगावरचं रक्त धुवायला पहाटेच आंघोळ झाली, ज्याला एरवी आई तीनदा उठवते त्याची. केस निथळत असतानाच भट्टीवाल्यानं कडी वाजवली.”

धाकट्यानं तोंडावरचा हात खाली घेतला.

“सगळं बोलणं आहे,” तो म्हणाला. “मी पाव खातो. रोज खातो.”

“मग झालंच,” काकी म्हणाली. तिनं जाड तुकडा कापला आणि त्याच्यापुढे सरकवला.

त्यानं तो उचलला. काकीच्या डोळ्यात बघत चावला. गिळला. घशाचा गोळा वरखाली होताना सगळ्यांनी पाहिला.

“खाल्ला की,” भावजी पुटपुटला.

फौजदारानं काकीकडे पाहिलं. काकीनं दुसरा तुकडा कापला. धाकट्यानं तोही खाल्ला. कपाळावर घाम आला होता. तिनं तिसरा कापला, पहिल्यापेक्षा जाड. ती धाकट्याकडे बघतच नव्हती. ती म्हातारीकडे बघत होती.

त्यानं तिसरा तोंडाशी नेला आणि म्हातारी उठली. कोणाला कळायच्या आत तिनं त्याच्या हातावर फटका मारला. पाव फरशीवरच्या वाळलेल्या रक्तात जाऊन पडला.

“पुरे,” ती म्हणाली. “मरेल तो.”

मग तिला कळलं, आपण काय बोललो ते. ती तिथेच खाली बसली.

धाकटा आईकडे बघत राहिला. रागावलासुद्धा नाही. मग तो सांगायला लागला, आणि थांबवलं नसतं तर दुपारपर्यंत सांगत बसला असता. आजार लहानपणीच लक्षात आला होता, आईच्या. तिनं डॉक्टरला दाखवलं नाही. एक मुलगी आजारी असली तर चालतं, पण ज्या बेकरीवाल्याची दोन पोरं पावाला शिवत नाहीत त्याचा पाव गिऱ्हाईक का घेईल, आणि भट्टी तरी याच्या हातात कोण देईल. म्हणून लोकांसमोर तुकडा हातात धरायचा आणि बारकीचे पाव गुपचूप खायचे. आईच किल्ली लावून आणून द्यायची. थोरल्यानं त्या पहाटे त्याला झोपेतून खाली ओढत आणलं.

“नाक दाबून धरलं होतं त्यानं माझं,” धाकटा म्हणाला. “श्वास घ्यायला तोंड उघडलं की पाव. गिळ म्हणायचा आणि हसायचा. मी चावलो तरी हात काढेना. मग हाताला फावडं लागलं.”

“पहिल्या घावापर्यंत तुझं मला कळतं,” काकी म्हणाली. “पुढचे सगळे कोणासाठी होते? आणि बहिणीला दोन वेळा पाव वाढतात हे माहीत असून तू घरी बसून मला तिचे नखरे सांगत होतास.”

पोटावर हात दाबून तो वाकला होता. फौजदारानं त्याला उभं केलं आणि ज्या गाडीतून बारकीला न्यायचं होतं तिच्यात त्याला बसवलं. दारातून परत येऊन तो काकीपाशी घुटमळला आणि विचारलं, याला तिथे खायला काय द्यायचं.

“हे तुम्ही हिच्या वेळी विचारायचं होतं,” काकी म्हणाली. “टरफलासकट अंडी. सालीसकट केळी. आणि भात स्वतंत्र भांड्यात. लिहून घ्या, नाहीतर विसराल.”

फौजदारानं वही उघडली आणि खरंच लिहून घेतलं.

गाडी गेली. म्हातारीनं काकीकडे मान वर केली. “एकीला सोडवायला तुझ्याकडे आले होते. एक सोडवलीस आणि एक नेलास.”

“तुम्हाला तीन होती, बाई. त्यातलं एक आधीच गेलं होतं, ते तुम्ही मोजतच नाही आहात.”

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. बारकी भिंत धरत धरत तिकडे गेली होती. भावजी मदतीला धावला तर तिनं त्याला उंबऱ्यावरच अडवलं. चपला काढा, हात धुवा, आणि सदरा झटका, पुढचं पीठ घेऊन आत यायचं नाही. भावजीनं मुकाट्यानं सगळं केलं.

तिनं घट्ट डबा उघडायला त्याच्याकडे दिला. आत शिळा, कडक झालेला एक पाव होता. तिनं तो पाण्यात भिजवला आणि उभ्यानंच खायला लागली. हळूहळू, एकेक घास.

म्हातारी दारात येऊन उभी राहिली. हातात ती दुसरी किल्ली होती. पुढे करायची की कमरेला लावायची, तिला ठरवता येईना.

बारकीनं घास गिळला. तिनं आईकडे पाहिलं नाही.

“मला सांगायचं होतंस, आई,” ती म्हणाली. “मी दोन पाव जास्त भाजले असते.”